चढणीला वारा, उतरणीला पाणी

प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत नदीच्या प्रवासासाठी दोन वेगवेगळी चित्रं आहेत. दक्षिणेला जाणं लिहायचं असेल तर शीड उभारलेली होडी काढायची, उत्तरेला जाणं लिहायचं असेल तर शीड उतरवलेली. वाचणाऱ्याला यापेक्षा जास्त सांगावं लागत नसे. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि वर्षातले बहुतेक दिवस वारा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. चढणीला वारा, उतरणीला पाणी. माणसाची एवढी सोय फार थोड्या नद्यांनी केली असेल.

या सोयीमुळे नाईलवर हौशी प्रवासी फार जुन्या काळापासून येत राहिले. अबू सिम्बेलच्या देवळापुढच्या रामेसिस राजाच्या प्रचंड मूर्तीच्या पायावर ग्रीक भाडोत्री सैनिकांनी आपली नावं कोरली, ती इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात. तेव्हाही ते देऊळ साडेसहाशे वर्षांचं जुनं होतं. इ. स. १३० मध्ये रोमन सम्राट हाड्रियन लवाजम्यासह नदीने वर आला आणि लक्सरसमोरच्या मेम्नॉनच्या पुतळ्यातून पहाटे निघणारा आवाज ऐकायला थांबला. बरोबरच्या एका कवयित्रीने त्या भेटीच्या कविता पुतळ्याच्या पायावर कोरवून घेतल्या. दगडावर नाव लिहिण्याची खोड आपल्या काळाने शोधलेली नाही.

आधुनिक काळात नाईलच्या देवळांकडे आलेल्या एका तुकडीत तर आपल्याकडची माणसं होती. नेपोलियनच्या फौजेला इजिप्तमधून हुसकण्यासाठी १८०१ मध्ये जनरल डेव्हिड बेअर्डच्या हाताखाली हिंदुस्थानातून पाच हजारांहून अधिक सैन्य तांबड्या समुद्राकडे निघालं. त्यात गोऱ्या पलटणींबरोबर मुंबई लष्कराचे देशी शिपाई होते. कोसेर बंदरावर उतरून त्यांनी वाळवंट तुडवलं, केना इथे नदी गाठली आणि तिथून होड्यांनी कैरोच्या दिशेला उतरले. लढाई त्यांच्या वाट्याला जवळजवळ आलीच नाही. ते पोहोचेपर्यंत कैरोच्या फ्रेंचांनी शरणागती पत्करली होती. पण केनासमोर नदीच्या पलीकडे देंदेराचं देऊळ आहे, हाथोर देवीचं. हाथोरला गाईचे कान असतात, कधी ती पूर्ण गाईच्या रूपात असते. शिपाई त्या देवळात गेले आणि आपल्याच देवासमोर उभे असल्यासारखे त्यांनी हात जोडले, ही हकिकत त्या काळच्या युरोपीय लेखनात पुन्हा पुन्हा येते. गोऱ्या अधिकाऱ्यांना त्याचं नवल वाटलं. शिपायांना बहुधा हेच नवल वाटलं असेल, की एवढं मोठं देऊळ आणि पूजा करायला कोणी नाही!

पुढे १८२२ मध्ये फ्रेंच विद्वान शांपोलियोंने चित्रलिपीचं कोडं सोडवलं आणि सुमारे चौदाशे वर्षं मुक्या असलेल्या भिंती बोलू लागल्या. १८३० मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला पोहोचली. हिंदुस्थान आणि विलायत यांच्यामधला रस्ता इजिप्तवरून जाऊ लागला, आणि या रस्त्यावरच्या साहेबलोकांना कैरो हा मुक्काम ठाऊक झाला. हाताशी पैसा आणि हिवाळाभर मोकळा वेळ असलेल्या युरोपीयांना आता वर जायचं होतं. वर जाण्याचं साधन होतं दहाबिया.

दहाबिया म्हणजे लांब, सपाट तळाची, मागच्या बाजूला खोल्या आणि पुढे एक अवाढव्य तिरकं शीड असलेली होडी. कैरोच्या बुलाक धक्क्यावर अशा डझनावारी होड्या भाड्यासाठी उभ्या असत. भाड्याचा करार ड्रॅगोमनमार्फत व्हायचा. दुभाषा, कारभारी, मुकादम आणि बाजारहाट करणारा, असा हा एकच माणूस. करारावर वकिलातीत सह्या होत. मरी या प्रकाशकाच्या प्रवासी पुस्तिकेत एक सल्ला होता: होडी ताब्यात घेण्याआधी ती नदीत बुडवून वर काढायला लावा, म्हणजे उंदीर-घुशी मरतील.

प्रवासाचा पहिला नियम वारा शिकवायचा. वर जाताना कुठेही थांबायचं नाही. वारा आहे तोवर पळायचं, देवळं डोळ्यांसमोरून गेली तरी जाऊ द्यायची. जिथवर जायचं तिथवर पोहोचलं की शिडाचा मोठा आडवा वासा उतरवायचा, पुढच्या फळ्या काढून वल्हवणाऱ्यांसाठी जागा करायची आणि प्रवाहाबरोबर खाली येताना सावकाश एकेक स्थळ बघायचं. म्हणजे इजिप्तचा इतिहास लोक शेवटाकडून सुरुवातीकडे बघत आणि पिरॅमिड सगळ्यांत शेवटी नीट बघत. वारा पडला की खलाशी काठावर उतरून दोराने होडी ओढत. वाटेत ठरलेल्या गावी एक दिवस थांबावंच लागे, कारण खलाशांना पुढच्या काही आठवड्यांची भाकर भाजायची असे. तिचे तुकडे करून होडीवरच वाळत घालत. प्रवासी कितीही घाईत असला तरी हा थांबा करारात लिहिलेला असायचा.

अशा दहाबियाचं सगळ्यांत जिवंत चित्र अमेलिया एडवर्ड्‌स या इंग्लिश लेखिकेने काढून ठेवलं आहे. १८७३ च्या नोव्हेंबरअखेर ती कैरोत आली, पण इजिप्तच्या ओढीने नव्हे. फ्रान्समध्ये चित्रं काढत भटकण्याचा बेत होता, पण पाऊस थांबेना, म्हणून कोरड्या हवेच्या शोधात ती मैत्रिणीसह समुद्र ओलांडून आली. बुलाकला होड्या पाहण्यात दिवस गेले आणि शेवटी ‘फिले’ नावाची शंभर फुटी दहाबिया ठरली. होडीवर एकूण वीस माणसं: रईस म्हणजे आपल्या भाषेत तांडेल, सुकाणूवाला, बारा खलाशी, ड्रॅगोमन, आचारी, त्याचा मदतनीस, दोन वाढपी आणि खलाशांचं जेवण रांधणारा एक पोर. १३ डिसेंबरला शीड फुगलं.

अस्वानच्या वर पहिला धबधबा लागायचा. धबधबा म्हणायची रीत, खरं तर तो काळ्या कातळांतून फेसाळत उतरणारा वळणावळणाचा प्रवाह. तिथे होडी रईसची राहत नसे, धबधब्याच्या शेखची होई. त्याची माणसं पाण्यात उड्या टाकून खडकाला दोर बांधत, शेकडो हातांनी होडी इंच इंच वर खेचत. सांज झाली की काम बंद. दुसऱ्या दिवशी कधी सुरू होणार ते शेखच्या मर्जीवर. इंग्लंडच्या राणीचं राज्य कितीही मोठं असो, या पट्ट्यात ते चालत नसे.

अबू सिम्बेलला एडवर्ड्‌सची होडी ३१ जानेवारी १८७४ च्या रात्री लागली आणि तिथून निघाली १८ फेब्रुवारीला. मधले चार दिवस दुसऱ्या धबधब्यापर्यंतच्या फेरीत गेले, बाकीचे चौदा त्या चार प्रचंड रामेसिसांच्या पायाशी. एका चेहऱ्यावर पांढरे डाग होते. पन्नासेक वर्षांपूर्वी एका स्कॉटिश संग्राहकाने त्या चेहऱ्याचा साचा घेतला होता, त्या प्लास्टरचे ते अवशेष. मंडळींनी खलाशांना कामाला लावलं. वल्ही आणि काठ्या बांधून परांची उभी राहिली, पोरं माकडांसारखी राजाच्या कानावर आणि नाकावर चढली, प्लास्टर खरवडलं गेलं. तरी खालचा दगड पांढुरका दिसत राहिला, तेव्हा त्यावर कडक कॉफी फासून रंग जुळवला गेला. आचाऱ्याचा कॉफीचा साठा दिवसेंदिवस आटत गेला. बसलेल्या स्थितीत वीस मीटर उंच असलेल्या राजाला पाजायची म्हणजे कॉफी किती लागणार!

याच मुक्कामात त्यांच्यातल्या एका चित्रकाराला वाळूखाली एका रंगीत दालनाचा पत्ता लागला आणि सगळी होडी वाळू उपसायला धावली. एडवर्ड्‌सचं आयुष्य इथून वळलं. परत जाऊन तिने प्रवासाचं पुस्तक लिहिलं, चित्रलिपी शिकली, १८८२ मध्ये इजिप्तच्या उत्खननासाठी निधी उभारणारी संस्था काढण्यात पुढाकार घेतला. १८९२ मध्ये ती वारली तेव्हा तिच्या पैशातून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इजिप्तविद्येचं अध्यासन सुरू झालं. फ्लिंडर्स पेट्री तिथला पहिला प्राध्यापक. पाऊस चुकवायला निघालेल्या बाईने एका विद्याशाखेचा पाया घातला.

पण तिच्या होडीच्या मागून धुराचा लोट येतच होता.

थॉमस कुक हा लाकडाच्या कामावर हात बसलेला, दारूबंदीचा प्रचार करणारा बाप्टिस्ट माणूस. १८४१ मध्ये लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी त्याने माणशी एक शिलिंग घेऊन सुमारे पाचशे माणसं आगगाडीने नेली आणि सहलींच्या धंद्याचा ओनामा झाला. १८६९ मध्ये तो पहिल्यांदा आपले प्रवासी घेऊन नाईलवर आला, भाड्याच्या दोन आगबोटींतून. योगायोगाने त्याच हिवाळ्यात इंग्लंडचे युवराजही नदीवर होते. त्यांच्या ताफ्यात ३,००० बाटल्या शॅम्पेन असल्याची नोंद आहे. युवराजांसोबत असलेल्या ‘टाइम्स’च्या विल्यम रसेलला कुकच्या माणसांचा भयंकर वैताग आला. शॅम्पेनवाल्यांच्या मागोमाग दारू न पिणाऱ्याने जमवलेले दुकानदार, शिक्षक आणि पाद्री तीच देवळं बघायला आले होते, आणि ते रसेलला सहन होत नव्हतं. दहाबियाच्या प्रवाशांनी आगबोटवाल्यांना नाक मुरडण्याची रीत इथून पडली.

कुकचा मुलगा जॉन मेसन कुक बापापेक्षा करडा धंदेवाला निघाला. १८७० मध्ये त्याने खेदिवाकडून, म्हणजे इजिप्तच्या राज्यकर्त्याकडून, नाईलच्या प्रवासी आगबोटींची एजन्सी मिळवली आणि पुढे दहा वर्षांनी या वाहतुकीचा मक्ताच घेतला. कैरोहून अस्वानपर्यंत नदीचं अंतर साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास. दहाबियाला जाऊन-येऊन दोन-तीन महिने लागत. कुकची आगबोट वीस दिवसांत परत कैरोच्या धक्क्याला लागे. कोणत्या दिवशी कुठे, किती वाजता गाढवं तयार, किती वाजता जेवण, सगळं छापील. लंडनमध्ये कुपनं घ्यायची आणि पुढे विचार करायचा नाही. उत्तरेच्या वाऱ्याला या कारभारात काही काम उरलं नाही.

प्रवासी वाढले तसा काठावरचा बाजारही वाढला. लक्सरला खोटी स्कॅरॅब, म्हणजे दगडी भुंग्यांची ताईतं, कोरणारे कारागीर होते आणि खऱ्या वस्तू चोरून विकणारेही. एडवर्ड्‌सच्या सोबतीच्या होडीवरच्या बायकांनी गुपचूप एक ममी विकत घेतली. आठवडाभरात वास असह्य झाला तेव्हा तिला नाईलमध्ये सोडून दिलं. या बाजारात एकाहून एक राजेशाही वस्तू येऊ लागल्या तेव्हा पुरातत्त्व खात्याला संशय आला. माग काढता काढता कुर्ना गावचं अब्द अल-रसूल घराणं सापडलं. त्यांना दैर अल-बहरीच्या कड्यात एक खोल विहीर दहा वर्षांपासून ठाऊक होती आणि गरज पडेल तशी ते तीतून एकेक वस्तू काढत होते. जुलै १८८१ मध्ये अधिकारी दोराने आत उतरले, तर पुढ्यात दुसरा रामेसिस, त्याचा बाप सेती आणि राजघराण्यातल्या इतर कितीतरी शवपेट्या. घाईने सगळं उपसून संग्रहालयाच्या आगबोटीवर चढवलं गेलं. बोट कैरोकडे निघाली तेव्हा लक्सरच्या खालच्या गावांतल्या बायका केस मोकळे सोडून, आकांत करत काठाने धावल्या आणि पुरुषांनी बंदुकीचे बार काढले. घरच्या मयतीला करतात तसंच. त्या वर्षीचा नाईलवरचा सगळ्यांत मोठा प्रवास कुकच्या वेळापत्रकात नव्हता.

तीन वर्षांनी ब्रिटिश सरकारला कुकचीच गरज पडली. सुदानमधल्या खार्टूममध्ये त्यांचा जनरल गॉर्डन वेढ्यात अडकला होता. त्याच्या सुटकेसाठी सुमारे १८,००० सैनिक, हजारो टन रसद आणि शेकडो होड्या नदीने वर न्यायचं कंत्राट जॉन मेसन कुकने घेतलं आणि आपल्या वाट्याचं काम चोख पार पाडलं. तरी फौजेची पुढची तुकडी २८ जानेवारी १८८५ ला खार्टूमसमोर पोहोचली, आणि गॉर्डन २६ तारखेलाच मारला गेला होता. या मोहिमेत जुन्या आगबोटींचा पार चुराडा झाला. मग कुकने स्वतःच्या नव्या, अधिक ऐसपैस बोटी आणल्या, बुलाकला दुरुस्तीचा कारखाना काढला, १८९१ मध्ये लक्सरला स्थानिकांसाठी इस्पितळही उभं केलं. १८९८ मध्ये आगगाडी लक्सरला पोहोचली. पाच दिवसांचा पाहुणाही आता देवळं बघू शकत होता.

नदीच्या वाऱ्याला असं निवृत्त केलं गेलं. पाण्याची पाळी त्यानंतर आली.

नाईलचा पूर उन्हाळ्याच्या अखेरीस यायचा, गाळ टाकून ओसरायचा, आणि त्यावर एक पीक निघायचं. लँकेशरच्या गिरण्यांना बारमाही कापूस हवा होता आणि कापसाला उन्हाळी पाणी. म्हणून अस्वानच्या धबधब्यावर, होड्या जिथून ओढल्या जात त्याच कातळांवर, १८९८ ते १९०२ या काळात सुमारे दोन किलोमीटर लांबीचं दगडी धरण उभं राहिलं. त्याच्या अगदी मागे फिले बेट. इसिस देवीचं हे देऊळ जुन्या धर्माचा शेवटचा आसरा. चित्रलिपीतला आपल्याला ठाऊक असलेला अखेरचा लेख इथेच, इ. स. ३९४ चा. देऊळ बुडणार म्हणून युरोपातल्या विद्वानांनी हाकाटी केली आणि धरणाची ठरलेली उंची कमी झाली. तरुण चर्चिलने आपल्या सुदान मोहिमेच्या ग्रंथात या आरडाओरड्याची यथेच्छ टिंगल केली. त्याला फार दिवस थांबावं लागलं नाही. १९०७ ते १९१२ मध्ये आणि पुन्हा १९२९ ते १९३३ मध्ये धरणाची उंची वाढवली गेली.

गाळाचा पूर निघून गेल्यावर, हिवाळ्याच्या तोंडावर, दारं लावून पाणी साठवत आणि उन्हाळ्यात सोडत. त्यामुळे नेमक्या प्रवाशांच्या हंगामात फिले पाण्याखाली असे. लोक होडीत बसून देवळाच्या खांबांमधून फिरत, खांबांच्या माथ्यांना हात लावत. दोन हजार वर्षं टिकलेले रंग काही वर्षांत धुऊन गेले. फ्रेंच लेखक पियेर लोतीने १९०९ मध्ये या बेटाचं मृत्युलेखवजा पुस्तकच लिहिलं आणि त्यात कुकच्या प्रवाशांवरही आसूड ओढले. विद्वान रडले ते देवळासाठी. त्याच पाण्यात अस्वानच्या दक्षिणेकडच्या न्यूबिया प्रदेशाची अरुंद बाजरीची शेतं आणि खजुराच्या राया गेल्या, त्याबद्दल फार कोणी लिहिलं नाही. न्यूबियन लोकांनी प्रत्येक वेळी घरं आणखी वर, कातळावर बांधली. दारावर चुना फासून चित्रं काढली, भिंतीत चिनी मातीच्या बशा बसवल्या. शेती गेली म्हणून पुरुष कैरोला गेले. आचारी झाले, दरवान झाले, हॉटेलांत वाढपी झाले. त्यांच्या बुडालेल्या गावांवरून जाणाऱ्या प्रवाशांना चहा बहुधा त्यांच्यातलाच कोणी देत असेल.

शेवटचा घाव मोठ्या धरणाचा. जानेवारी १९६० मध्ये सोव्हिएत मदतीने त्याचं काम सुरू झालं. मागे पाचशे किलोमीटर लांबीचं सरोवर भरणार होतं आणि त्यात सगळा न्यूबिया जाणार होता. ८ मार्च १९६० ला युनेस्कोने जगाला हाक दिली आणि जगाने ती ऐकली, हे मान्य करायला हवं. अनेक देशांनी पैसे दिले, उत्खनन पथकं पाठवली. भारतीय पुरातत्त्व खात्याचं पथकही बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली अफ्येह इथे खणत होतं. फिलेभोवती बांध घालून पाणी उपसलं गेलं, देवळाचे सुमारे ४०,००० दगड सुटे करून शेजारच्या अगिल्किया बेटावर पुन्हा रचले गेले, आणि मूळ फिलेसारखं दिसावं म्हणून ते बेटही तासून घेतलं गेलं. काही छोटी देवळं तर मदतीबद्दल भेट म्हणून देशाबाहेर गेली: देंदूर न्यूयॉर्कला, देबोद माद्रिदला.

अबू सिम्बेलची देवळं डोंगरात कोरलेली, त्यामुळे ती उचलायची तर डोंगर कापावा लागणार होता. १९६४ ते १९६८ या काळात तो कापला गेला. वीस-वीस, तीस-तीस टनांचे हजाराहून अधिक तुकडे करवतीने काढले, त्यांवर क्रमांक घातले आणि ६५ मीटर वर, २०० मीटर मागे ते पुन्हा सांधले. ज्या चेहऱ्यांवर खलाशांची पोरं चढली होती ते क्रेनला लटकत आकाशात गेले. चारांपैकी एका मूर्तीचं धड प्राचीन काळीच कोसळलेलं होतं. ती नवीन जागी सावरून उभी केली नाही. तिचं डोकं आणि खांदे जसे, ज्या कोनात, पायाशी पडले होते तसेच मोजून पुन्हा पाडून ठेवले. पडझडीचाही पत्ता बदलू नये, इतकी ती काळजी.

याच सुमारास, १९६३-६४ मध्ये, इजिप्तच्या बाजूचे सुमारे पन्नास हजार न्यूबियन उत्तरेला कोम ओम्बोजवळच्या सरकारी वसाहतीत हलवले गेले. सुदानमधले जवळपास तेवढेच वाडी हाल्फाहून आगगाडीने दूर खाश्म अल-गिर्बाला गेले. गावांना जुनीच नावं मिळाली. नदी मात्र मिळाली नाही. घरं एका ओळीत होती आणि खिडकीतून नाईल दिसत नव्हती. घरांना आणि खजुरांना कोणी क्रमांक घातले नाहीत.

आज नाईलची बहुतेक सफर लक्सर आणि अस्वान यांच्यामध्ये, तीन-चार रात्रींत आटोपते. एस्नाच्या जलपाशात बोटींची रांग लागते, एडफू होतं, कोम ओम्बो होतं. दहाबियाही परतल्या आहेत, हौस म्हणून. वारा पडला की टग बोट त्यांना ओढते, खलाशांना काठावर उतरावं लागत नाही. अस्वानला सफर संपते, कारण पुढे धरण आहे. त्याच्या पलीकडच्या सरोवरावर वेगळ्या बोटी आहेत आणि त्या अबू सिम्बेलपर्यंत जातात. तिथे उत्तरेचा वारा अजून येतो, पूर्वीसारखाच, शीड फुगवायला पुरेसा. चढणीचा वारा राहिला. खाली उतरवणारं पाणी तेवढं तिथे थांबलं आहे, आणि त्याच्या तळाशी दारावर चित्रं काढलेली गावं आहेत.